मुंगळ्याचे डोळे कुठे असतात?

तो फोटो तुम्हीही पाहिला असणार. ऑक्टोबर २०२२मध्ये तो सगळीकडे फिरत होता. अंधारातून पुढे आलेला एक खडबडीत, काळपट चेहरा, त्यावर निखाऱ्यासारखे दोन लाल डोळे आणि खाली सुळ्यांसारखं काहीतरी टोकदार. माझ्याकडे तो एकाच दिवशी चार ग्रुपांवरून आला. एका ठिकाणी लिहिलं होतं, ‘झोपायच्या आधी बघू नका’. दुसऱ्या ठिकाणी, ‘मुंगीचा खरा चेहरा’.

मला पहिल्या ओळीचं हसू आलं. दुसऱ्या ओळीतल्या ‘खरा’ या शब्दापाशी मात्र मी अडकले. अजून पूर्ण सुटलेले नाही, म्हणून हा लेख.

आधी त्या फोटोविषयी. तो लिथुआनियाच्या एउगेनियस कावालियाउस्कस यांनी काढलेला आहे. निकॉन कंपनी १९७०च्या दशकापासून दरवर्षी ‘स्मॉल वर्ल्ड’ नावाची स्पर्धा घेते, मायक्रोस्कोपमधून काढलेल्या फोटोंची. २०२२च्या स्पर्धेत हा फोटो होता. पहिल्या वीसांत त्याचा नंबर लागला नव्हता, उल्लेखनीय चित्रांच्या यादीत तो होता. फोटोतली मुंगी कॅम्पोनोटस या प्रजातीतली आहे. आपल्या ओट्यावर साखरेच्या डब्याभोवती फिरणारा मोठा काळा मुंगळाही याच प्रजातीतला. म्हणजे ज्याला बघून जग दचकलं, त्याला आपण रोज फडक्याने झटकतो.

आणि ते लाल डोळे? ते डोळे नाहीत. मुंगळ्याच्या मिशा, म्हणजे शृंगिका, जिथून निघतात ते सांधे आहेत. मुंगळ्याचे खरे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. पण फोटोत दोन गोल, त्यांच्या खाली तोंड, एवढं दिसलं की आपला मेंदू पुढचं काम स्वतःच उरकतो. गाडीचे दिवे, विजेचा सॉकेट, ढग, कशातही आपल्याला चेहरा दिसतो, तसाच इथे दिसला. फोटोने आपल्याला मुंगळा दाखवला आणि आपण राक्षस पाहिला.

हा फोटो वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. प्रकाशयोजना उत्तम आहे, चौकट नेमकी आहे. स्पर्धेने त्याच्यासोबत प्राण्याचं नाव दिलं होतं, किती पटीच्या भिंगातून घेतला तेही दिलं होतं. फॉरवर्ड होताना या दोन्ही गोष्टी गळून पडल्या आणि उरला फक्त चेहरा. माझा प्रश्न एवढाच आहे, की असा फोटो बघून झाल्यावर आपल्याला परत मुंगळ्यापर्यंत येता येतं का? ओट्यावरचा मुंगळा आधीपेक्षा नीट दिसायला लागतो, की आधीपेक्षाही कमी? मायक्रोस्कोपमधून काढलेल्या कुठल्याही फोटोला मी आता हीच परीक्षा लावते. ही परीक्षा मला स्वतःच्या एका चुकीतून मिळाली, तिच्याकडे येतेच. त्याआधी थोडं मागे जाऊ.

मागे म्हणजे १६६५ सालच्या लंडनमध्ये. रॉबर्ट हूक यांचं ‘मायक्रोग्राफिया’ त्या वर्षी प्रसिद्ध झालं. तेव्हा कॅमेरा नव्हता, त्यामुळे मायक्रोस्कोपमधून दिसलेलं हाताने काढायचं आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायचं. या पुस्तकातली पिसू प्रसिद्ध आहे. पानाची घडी उलगडली की जवळपास दीड फुटाची पिसू समोर येते, चिलखत घातल्यासारखी. तरी मला हूक आवडतात ते पिसूमुळे नव्हे, तर त्यांनी सुरुवात कुठून केली त्यामुळे. पहिलं निरीक्षण आहे सुईच्या टोकाचं. त्यानंतर वस्तऱ्याची धार. सुईइतकं टोकदार काही नाही असं आपण समजतो, आणि हूक दाखवतात की ते टोक बोथट आहे, खड्ड्याखड्ड्यांचं आहे. छापलेला पूर्णविराम बघावा तर तो नुसता ओबडधोबड डाग. वाचणाऱ्याच्या घरात सुई आहे, वस्तरा आहे, हातात छापील पान आहे. त्यामुळे चित्र बघून झालं की परत यायला जागा आहे. पुढची सगळी अद्भुतं या ओळखीच्या पायावर उभी आहेत.

हूक आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतात. माशीचा डोळा एका प्रकाशात जाळीसारखा भोकाभोकांचा दिसतो, उन्हात सोनेरी खिळे ठोकल्यासारखा, आणि कोन बदलला की तिसरंच काही. मग खरा कुठला? हूक यांचं उत्तर असं, की वेगवेगळ्या प्रकाशांत आणि कोनांतून पुन्हापुन्हा बघायचं, आकार नक्की कळला असं वाटलं की मगच कागदावर उतरवायचा. म्हणजे त्यांचं चित्र हे कुठल्याही एका क्षणी दिसलेलं दृश्य नाही. अनेक दृश्यांमधून काढलेला तो निष्कर्ष आहे.

मुंगीने तर त्यांना चांगलंच सतावलं. ती एका जागी थांबेना. शेवटी त्यांनी तिला ब्रँडीत बुडवलं. ती निपचित झाली, यांनी चित्र काढायला घेतलं, आणि तासाभराने ती उठून चालायला लागली. हे सगळं त्यांनी पुस्तकात लिहून ठेवलंय. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या या मुंगीविषयी मला २०२२च्या मुंगीपेक्षा जास्त माहिती आहे, याचं कारण हा मजकूर.

आता आजच्या फोटोंवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की ‘हे सगळं कॉम्प्युटरवर जोडलेलं असतं, यात खरं काय?’ जोडलेलं असतं हे बरोबर आहे. भिंग जितकं जास्त ताकदीचं, तितका फोकसमधला थर पातळ. मुंगळ्याच्या जबड्यावर फोकस केला तर कपाळ धूसर होतं. म्हणून फोकस केसभर पुढे सरकवत डझनांनी किंवा शेकड्यांनी फोटो घेतात आणि सॉफ्टवेअर प्रत्येकातला स्पष्ट भाग उचलून एक चित्र बनवतं. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. असं नखशिखांत स्पष्ट दृश्य कुठल्याही डोळ्याला मायक्रोस्कोपमधून एका नजरेत दिसत नाही. पण हूक तरी वेगळं काय करत होते? ते हाताने करत होते, इतकाच फरक. म्हणून हा आक्षेप मला पटत नाही.

२०२२च्या स्पर्धेत पहिला आलेला फोटो आठवतोय का? बहुतेक नाही. तो होता मादागास्करच्या एका हिरव्या पालीच्या भ्रूणाचा पंजा, जिनिव्हा विद्यापीठातल्या ग्रिगोरी तिमिन यांनी काढलेला. तोही शेकडो तुकडे जोडून बनवलेला. दोन दिवसांहून जास्त वेळ यंत्र चित्रं घेत होतं. त्यातले निळसर धागे म्हणजे नसा. पाच बोटं, त्यांतली हाडं, बोटांच्या टोकापर्यंत गेलेल्या नसा. बघताना आपण नकळत स्वतःच्या पंजाकडे बघतो. रंग नैसर्गिक नाहीत, जोडकाम प्रचंड आहे, आणि तरीही हा फोटो माझ्या परीक्षेत पास होतो. त्यानंतर ट्यूबलाइटमागची पाल किळसवाणी वाटली तरी तिला हात आहेत, हे विसरता येत नाही. फॉरवर्ड मात्र मुंगळा झाला. भीतीला पाय जास्त असतात.

जोडण्यात फसवणूक नसेल, तर ती कशात असते? माझ्या मते निवडण्यात आणि वगळण्यात. इथे बर्फाची गोष्ट सांगायला हवी.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, जेरिको गावी विल्सन बेंटली नावाचे शेतकरी होते. १५ जानेवारी १८८५ रोजी, विसाव्या वर्षात असताना, त्यांनी मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडून हिमस्फटिकाचा फोटो काढला. मग आयुष्यभर तेच करत राहिले. काळ्या पाटीवर बर्फ झेलायचा, स्फटिक अलगद काचेवर घ्यायचा, आणि श्वासाच्या उबेने वितळायच्या आत फोटो काढायचा. असे ५००० हून जास्त फोटो त्यांनी काढले. १९३१ साली त्यांतल्या दोन हजारांवर फोटोंचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी ते वारले. आज आपण नाताळच्या कार्डावर जो सहा पाकळ्यांचा, दागिन्यासारखा नीटनेटका हिमकण बघतो, तो आपल्या मनात बसवण्यात बेंटलींचा मोठा वाटा आहे.

पण आकाशातून पडणारे बहुतेक हिमकण तसे नसतात. ते मोडके, एका बाजूला वाढलेले, एकमेकांना चिकटलेले असतात. बेंटली देखणे स्फटिक निवडायचे. शिवाय पार्श्वभूमी काळीभोर यावी म्हणून निगेटिव्हवर स्फटिकाच्या कडेने चाकूने खरवडायचे. १८९३ साली जर्मनीत गुस्ताव हेलमान यांचं हिमस्फटिकांवरचं पुस्तक आलं होतं, फोटो रिखार्ड नॉयहाउस यांचे. त्यांत स्फटिक जसे पडले तसे होते, असमान आणि सदोष. या खरवडण्यामुळे स्फटिकाची कडाच बिघडते, असा आक्षेप पुढे बेंटलींच्या पद्धतीवर घेतला गेला.

कोण बरोबर? मला बेंटलींविषयी मनापासून आदर आहे. इतक्या थंडीत, एकट्याने, इतकी वर्षं टिकून राहणं ही चेष्टा नाही. त्यांचा कुठलाही फोटो एकेकटा खोटा नाही, तो स्फटिक खरोखर पडला होता. पण दोन हजार फोटो एकत्र पाहिल्यावर जे मत तयार होतं, की निसर्ग सूक्ष्मात गेला की सगळं सममित आणि निर्दोष, ते खोटं आहे. इन्स्टाग्रामवरच्या मायक्रोस्कोपच्या पानांचं हेच होतं. प्रत्येक पराग रत्नासारखा, प्रत्येक पंख रेशमासारखा. स्लाइडवरची धूळ, फुटलेल्या पेशी, हवेचा बुडबुडा यांतलं काहीच नाही. मग नवशिक्या माणसाने भिंगाला डोळा लावला की त्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. मी स्वतः कांद्याचा पापुद्रा बघायला घेतला तेव्हा पहिले दोन दिवस जाड काळ्या कडेच्या एका सुंदर गोलाचे फोटो काढत होते. तो हवेचा बुडबुडा होता.

आता माझी चूक.

मे २०२१. लॉकडाउन, दुसरी लाट, रोज कुणाची तरी बातमी. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत खाली एक जास्वंद आहे. मी नुकताच एक जुना, शाळेच्या लॅबमध्ये असतो तसला मायक्रोस्कोप घेतला होता. जास्वंदीच्या पुंकेसरांची पिवळी पूड काचेवर झटकली, शंभर पटीवर लावली, आयपीसला मोबाइल टेकवला. पडद्यावर काळे, गोल, काटेरी चेंडू. अंगावर शहाराच आला. जास्वंदीचे परागकण असेच असतात, चांगले मोठे आणि सगळीकडून काटे असलेले. मायक्रोस्कोपचा दिवा खालून येतो आणि हे कण जाड, म्हणून मधे काळी सावली दिसते. मोबाइलचा टॉर्च बाजूने धरला असता तर तेच कण हळदीसारखे पिवळे दिसले असते. तसे मी पाहिलेही. पण काळे जास्त ‘भारी’ वाटले. वर मी एक लालसर फिल्टर टाकला आणि फॅमिली ग्रुपवर फोटो सोडला. खाली एकच ओळ, ‘ओळखा पाहू, जास्वंदीत काय दडलंय?’

तो काळ आठवा. लाल काट्यांचा तो राखाडी चेंडू तेव्हा प्रत्येक बातमीच्या मागे होता. तो फोटो नव्हताच. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेतल्या अलिसा एकर्ट आणि डॅन हिगिन्स यांनी २०२०च्या सुरुवातीला केलेलं ते चित्र होतं. विषाणू प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान, साध्या मायक्रोस्कोपमधून तो दिसतच नाही. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधून दिसतो, पण त्या प्रतिमेत रंग नसतात, ते नंतर भरतात. लोकांना धोका डोळ्यांसमोर दिसावा म्हणून केलेलं ते चित्र होतं आणि त्याने ते काम केलं. मी मात्र त्या चित्राची भीती उसनी घेऊन माझ्या परागकणांना लावली होती.

मावशीने विचारलं, ‘हा करोना का गं?’ मी हसण्याची इमोजी टाकून गप्प बसले. संध्याकाळपर्यंत फोटो सोसायटीच्या ग्रुपवर परत आला. माझी ओळ गेलेली, नवी आलेली, ‘जास्वंदीच्या फुलांत विषाणू सापडला, कृपया फुले तोडू नका.’

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू रोज सकाळी त्या झाडाची पाच फुलं गणपतीला नेत. काका त्याच महिन्यात हॉस्पिटलमधून परत आले होते. दुसऱ्या दिवशी फुलं झाडावरच राहिली, तिसऱ्या दिवशीही. ग्रुपवर मी लांबलचक खुलासा लिहिला, तो दोघांनी वाचला असेल. शेवटी मास्क लावून मायक्रोस्कोप खाली जिन्यात आणला, स्टुलावर ठेवला आणि काकूंना हाक मारली.

त्यांनी आधी डोळा लावायला नकार दिला. मग लावला. ‘अगं बाई, काटे आहेत की खरंच!’ मी बाजूने टॉर्च धरला. ‘आता पिवळं झालं.’ मग काच काढून त्यांच्या हातात दिली. त्यावर पिवळसर धुळीचे ठिपके. त्यांनी चष्मा वर सरकवून बघितलं. ‘हे तेच?’

‘तेच, काकू.’

‘एवढं दिसतंय तर मग विषाणू कसा असेल? तो तर दिसत नाही म्हणतात.’

माझ्या लांबलचक खुलाशात नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात पकडलं. जास्वंदीचा परागकण साधारण एक दशांश मिलिमीटरचा किंवा त्याहून मोठा, नुसत्या डोळ्यांना ठिपक्यासारखा दिसणारा. करोनाचा विषाणू त्याच्या हजाराव्या भागाइतका. फोटोमध्ये दोघेही चेंडूच. हजार पटींचा फरक स्क्रीनवर शून्य होतो, कारण स्क्रीनवर प्रत्येक गोष्ट स्क्रीनएवढीच असते.

म्हणूनच फोनवर ‘शंभर पट मोठं’ असं लिहिण्यालाही फारसा अर्थ नाही. कशाच्या शंभर पट? तुमच्या फोनवर एक आकार, माझ्या लॅपटॉपवर दुसरा, आणि दोन बोटांनी ताणलं की तिसरा. त्याऐवजी फोटोच्या कोपऱ्यात एक छोटी रेघ काढून ‘०.१ मिमी’ लिहिलं, तर फोटो कितीही ताणला तरी रेघही सोबत ताणली जाते आणि खरं बोलत राहते. ही रेघ काढायला महागडं काही लागत नाही. भिंगाखाली प्लास्टिकची पट्टी ठेवून एक फोटो घ्यायचा, एक मिलिमीटर किती रुंद दिसतो ते बघायचं, बस. शास्त्रीय नियतकालिकांत ही रेघ असतेच. आपल्या फीडवर ती नसते, कारण तिने फोटोची मजा जाते म्हणे. माझ्या मते जाते ती मजा नाही, धाक जातो.

हूक यांच्या पिसूकडे एकदा परत जाऊ. ‘मायक्रोग्राफिया’ आलं त्याच वर्षी लंडनमध्ये प्लेगची मोठी साथ आली. दीड फुटाची पिसू लोकांच्या टेबलावर उलगडलेली होती, तिचा पायन् पाय दिसत होता, आणि प्लेगशी तिचा काय संबंध हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तो उलगडला १८९८ साली, मुंबईतून प्लेग पसरत असताना, कराचीमध्ये पॉल-लुई सिमाँ यांच्या प्रयोगांत. त्यासाठी पिसूचा चेहरा आणखी मोठा करून भागलं नाही. उंदीर, पिसू आणि माणूस यांच्यात काय चाललंय, ते बघावं लागलं. कोरीव चित्रातली पिसू पांढऱ्या कागदावर एकटीच होती. मुंगळा काळ्या पार्श्वभूमीवर एकटाच आहे. बेंटलींचा हिमकणही एकटाच. सूक्ष्म गोष्टींचे फोटो बहुतेक वेळा असं एकटं पाडून काढलेले असतात आणि त्यांची सगळी जादू त्या एकटेपणात असते. मोठं केल्याने वस्तू दिसते. ती कुणाच्या संगतीत जगते, हे मोठं केल्याने दिसेलच असं नाही.

मी फोटो काढणं थांबवलेलं नाही. मीठ, जुन्या साडीचा धागा, फुलपाखराच्या गळून पडलेल्या पंखावरचे खवले, सगळं चालू आहे. पण आता एक फोटो टाकत नाही, तीन टाकते. पहिला साध्या कॅमेऱ्याने, वस्तू तळहातावर. दुसरा पट्टीसोबत. तिसरा मायक्रोस्कोपमधून, आणि खाली लिहिते की दिवा कुठून होता, किती फोटो जोडले, रंग बदलला की नाही. लाइक्स कमी येतात. पण मावशी आता ‘हे काय आहे?’ असं न विचारता ‘हे आपल्याकडे कुठे मिळेल?’ असं विचारते.

काकूंनी त्या दिवशी फुलं नेली नाहीत. ‘उद्या बघू,’ म्हणाल्या. चौथ्या की पाचव्या दिवशी झाडावरची फुलं कमी दिसली. दोन नेली होती, पाच नाही. पुन्हा पाच व्हायला पावसाळा उजाडला.

परवा ओट्यावर एक मुंगळा आला. मी फडकं बाजूला ठेवून खाली वाकले आणि त्याचे डोळे शोधले. बाजूला होते, लहानसे, काळे. मिशा सारख्या हलत होत्या. भिंगाची गरज पडली नाही, फक्त थोडं थांबावं लागलं.